चौथा पाय

नासिर सरंगने मोंबासाहून जिराफ पाठवलाय.
फोटोत पाय तीनच.
चौथा गाडीच्या दाराआड राहिला
की ऐन वेळी त्याचा हात हलला, कोण जाणे.
विचारलं, तर म्हणतो,
"पेंटर ना तू? एक पाय तुझ्याकडचा घाल."

माझ्याकडे होड्यांचे नंबर आहेत.
तीस वर्षं दाभोळच्या धक्क्यावर उकिडवा बसून
नाळेवर नावं लिहितोय:
दर्यारत्न, अल मदद, चंडिकाप्रसाद.
बांगड्याचा डोळा सांगा, झोपेत काढीन.
जिराफ आमच्या आळीतून कधी गेलेला नाही.

फळी मोडीत काढलेल्या होडीची.
खिळ्यांची भोकं लांबी भरून बुजवली,
तरी एक नेमकं मानेवर आलं.
असू दे, तिथं एक डाग जास्त.
पिवळा, गेल्या सालच्या कामातला उरलेला.
तपकिरी म्हणजे होडीच्या बुडाला फासतात तो.
निळा हवा तेवढा,
निळ्याला आमच्याकडे कधी तोटा नव्हता.

फोन मिनिटामिनिटाला विझतो.
विझला की जिराफ जातो
आणि काचेत एक म्हातारा दिसतो,
भुवईला पिवळा रंग लागलेला.
टिचकी मारली की जिराफ हजर,
पुन्हा तीन पायांवर.

दोन बोटांनी वाढवून बघितलं.
ठिपके नाहीतच ते.
वैशाखात आमचं खाचर तडकतं, तशी ढेकळं,
मधल्या भेगा उजळ.
म्हणजे आधी भेगा काढायच्या,
ढेकळं आपोआप होतात.
हे कळायला दोन दिवस गेले
आणि अर्धा डबा टर्पेंटाइन.

पायासाठी भुवडांच्या गोठ्यात गेलो.
गाईच्या मागच्या पायाला
गुडघा समजत होतो ती टाच निघाली.
साठी उलटली, आणि टाच कुठे असते ते आत्ता कळतंय.
नीट वाकून बघायला गेलो, तर तिनं लाथ झाडली.
उरलेला पाय ओहोटीला खाडीत सापडला,
एका बगळ्याचा.
तर असा: टाचेपर्यंत गाय, खाली बगळा.
खूर काही जमेना.
तीनदा पुसला,
शेवटी चिखलात बुडवून टाकला.
त्या देशात चिखल कसा असतो मला माहीत नाही,
इथला करडा, तोच घातला.

मग डोळा.
वाढवला, आणखी वाढवला,
चित्र फुटून चौकोन चौकोन व्हायला लागलं, तिथं थांबलो.
बुबुळात एक गाडी उभी आहे.
टपावर टोप्या घातलेली माणसं,
आणि पुढच्या खिडकीत, राईएवढा,
हात वर करून फोन धरलेला कोणीतरी.

अकरा वर्षं तो मला सिंह पाठवतो,
हत्ती पाठवतो, जांभई देणारा पाणघोडा पाठवतो.
स्वतःचा पाठव म्हटलं की
अंगठा दाखवतो, फोनवरचा, पिवळा.
त्याची आई गेली तेव्हा सीझन होता.
कबरस्तानापर्यंत त्याच्या जागी मी चाललो,
त्याचा खांदा उंच, माझा बुटका,
मागचे लोक सारखं म्हणत होते, जरा वर घे, जरा वर घे.

राई बघत किती वेळ बसलो होतो
ते धोपाव्याहून आलेल्या फेरीबोटीनं भोंगा दिला तेव्हा कळलं.

बारीक ब्रशाचे चारच केस शिल्लक आहेत.
गाडी काढावी, तर त्याच्यासकट काढावी लागेल.
आणि खिडकीतून बघितलंय तेच काढावं,
तर जिराफाच्या डोळ्यात धक्का, माड,
आणि जाळं शिवत बसलेला अब्बास येईल.
नात म्हणाली, "आजोबा, हा आंधळा आहे का?"
मग पायाकडे बघून, "आणि हा निघालाय कुठं?"

रात्री नासिरचा निरोप: झाला का?
मी अंगठा पाठवला.

डोळा कोराच ठेवलाय सध्या.
हवा दमट, रंग वाळायचं नाव घेत नाही.
सकाळी बोट लावून बघितलं,
तीन पाय सुकलेत.
चौथा अजून ओला आहे.